मोसंबी लावावी का? (उपचार संपल्यानंतरचा प्रश्न)

दुधनाकाठ
नमस्कार. इथं बऱ्याच वर्षांपासून वाचते, लिहीत नाही. हे शेतीच्या विभागात टाकावं की आरोग्याच्या, तेच ठरेना, म्हणून दोन दिवस नुसतं लिहून खोडलं.

जालना जिल्ह्यातलं आमचं गाव. माझं वय ४६. दीड वर्षापूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्तन काढला, आठ किमो झाल्या, १५ वेळा किरणं घेतली. वॉर्डात सगळे त्याला शेक म्हणतात, मीही म्हणायला लागले. फेब्रुवारीत शेवटचा शेक झाला. घरी आल्यावर सासूबाईंनी ओवाळलं, भाऊ पेढे घेऊन आला, गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई एकदाची.

मला सुटल्यासारखं वाटत नाही. उपचार चालू होते तेव्हा दर २१ दिवसांनी जायचं, रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशी भरल्या असतील तर सुई. भीती होती, पण तिला काम होतं. आता कुणी बोलवत नाही. तीन महिन्यांनी या म्हणाले. मधले तीन महिने कसे काढायचे ते कुणी सांगितलं नाही. पाठ दुखली की वाटतं हाडात गेलं. खोकला आला की फुप्फुसात. रात्री सगळे झोपले की हात आपोआप काखेत जातो आणि चाचपत बसतो.

आता प्रश्न. परवा आमच्या यांनी विषय काढला, खालच्या एक एकरात मोसंबी लावू. साधी गोष्ट. पण मोसंबीचा धड बहार धरायला पाच वर्षं लागतात. आणि डॉक्टरांनी मलाही पाच वर्षंच सांगितलीत. पाच वर्षं गोळी, पाच वर्षं तपासण्या, मग पुढं बघू. हे रोपांचा हिशेब सांगत होते, एकरी ११०, आणि माझ्या डोक्यात एकच, पहिलं फळ तोडायला मी असेन का. हो म्हणवेना, नको म्हणवेना. उठून चहा ठेवायला गेले.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. पुढचं कसं ठरवता तुम्ही?

गोदाकाठचा
लावा ताई.

तुरीचं_रान
मला आजाराचं बोलता येत नाही, शेतीचं बोलतो. खड्डे आत्ताच घ्या, मे महिनाभर उन्हात तापू द्या. सहा बाय सहा मीटर अंतर. रोप रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेलं घ्या, बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात चौकशी करा. लावताना कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर राहू द्या, नाहीतर पुढं डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो. पहिली तीन-चार वर्षं मधल्या पट्ट्यात मूग, उडीद, हरभरा घ्या. कपाशी घालू नका. चौथ्या वर्षी फूल दिसलं तरी मोह नको.

आता जे सांगायचं होतं ते. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची तीनशे झाडं वाळली. टँकरनं पाणी घातलं, आईचे दागिने गेले, तरी वाळली. झाडांना कुऱ्हाड लावली त्या दिवशी वडिलांनी आम्हा भावांना रानात येऊ दिलं नाही. २०१५ ला त्यांनीच परत लावली, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. २०१९ ला गेले. बहार आम्ही त्याच्या पुढच्या वर्षी धरला. लावताना त्यांच्या मनात काय होतं ते आम्ही विचारलंच नाही. तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं, विचारायला पाहिजे होतं.

आत्मबल
ताई, मी स्वतः या आजारातून बाहेर पडलोय, नऊ वर्षं झाली. एकच सांगतो, मन खंबीर ठेवा. हा आजार आधी मनात हरवावा लागतो. मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं की मला काही होणार नाही, आणि झालं नाही. असले विचार मनात आणूच नका. ज्याची इच्छाशक्ती मोठी तो जगतो.

पाटी_पेन्सिल
आत्मबल दादा, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. पण शेवटचं वाक्य मागं घ्या अशी हात जोडून विनंती.

माझ्या वडिलांना तोंडाचा होता. एसटीत मेकॅनिक होते, परभणीत. गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, आमच्या कोपऱ्यावर एक दिवसही बंद झालेला मी पाहिला नाही. जबड्याचा एक भाग आणि जिभेचा तुकडा काढला, बोलणं गेलं. माझ्या मुलीच्या पाटीवर लिहून बोलायचे. नाकातल्या नळीनं पेज घेत त्यांनी दोन वर्षं काढली, त्या अवस्थेत शेजारच्या पोराची मोटरसायकल खोलून जोडून दिली. त्यांच्याइतकी इच्छाशक्ती मी आजवर कुणात पाहिली नाही. तरी गेले. इच्छाशक्ती कमी पडली असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणावं हे मला सहन होत नाही.

आणि एक ओझं आहे, ते इथं ठेवतो. आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. जबड्यात इन्फेक्शन आहे, मुंबईला दाखवू, एवढंच. नंदीग्रामनं निघालो. रेल्वेची सवलत होती, पेशंटचं स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. तो फॉर्म माझ्या खिशात होता. तिकीट तपासणीस आला, मी फॉर्म काढून दिला, त्यानं वाचला आणि सरळ वडिलांच्या हातात परत दिला. वर आजाराचं नाव लिहिलेलं. वडिलांनी वाचलं. घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मनमाड येईपर्यंत एक शब्द नाही. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. नंतर पाटीवरसुद्धा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आम्ही त्यांना सांभाळतोय असं आम्हाला वाटायचं. सांभाळत ते होते.

आत्मबल
पाटी_पेन्सिल, वाक्य मागं घेतो. तुमच्या वडिलांना नमस्कार. मी तसं लिहिलं कारण मलाही दर वर्षी तपासणीच्या आधी आठ दिवस झोप लागत नाही. स्वतःलाच बजावत असतो ते इथं लिहिलं गेलं.

उंबरठा_लातूर
सांगावं की नाही यावर माझं मत वेगळं आहे. आमच्या आजीला आम्ही सांगितलं नाही. पित्ताशयाचा होता, फार पुढं गेलेला, डॉक्टर म्हणाले उपचारात अर्थ नाही. आठ महिने ती आनंदात राहिली, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, बैलगाडीत बसून शेतात आली, आंबील प्याली, भज्जी खाल्ली, सगळ्या नातसुनांना नावं ठेवली. नाव कळलं असतं तर त्याच दिवशी अंथरूण धरलं असतं. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो.

पाटी_पेन्सिल
असेल ताई. माझं एवढंच, तो पिंड आपण ठरवू नये. एकदा विचारून बघावं, किती ऐकायचंय तुम्हाला.

बिंदुसरा
कॅन्सर हा शब्द आमच्या बीडकडं निदानापेक्षा भीती घालायलाच जास्त वापरला गेलाय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात सांगायचे, पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ ला ते सगळं पेपरात आलं, सरकारनं समिती नेमली. माझ्या चुलत जावेची ३२ व्या वर्षी काढली. नंतर कमरेतून उठता येईना तिला.

त्याचा दुसरा परिणाम कुणी लिहीत नाही. मला खरोखर झाला, गर्भाशयाच्या तोंडाचा, तर घरात कुणाचा विश्वासच बसेना. आई म्हणाली, पैशासाठी सांगायलेत, ह्यांचं नेहमीचंच आहे. मलाही तेच खरं वाटलं, कारण तेच सोयीचं होतं. चार महिने गेले त्यात. आता उपचार होऊन तीन वर्षं झाली, ठीक आहे, पण त्या चार महिन्यांचा राग जात नाही. कुणावर काढू? आईवर? ती माझ्या उशाशी रात्र रात्र बसली होती.

दुधनाकाठ ताई, तुम्ही काखेत हात घालून चाचपण्याचं लिहिलं. मला चाचपायलाही काही नाही. आत काय चाललंय ते रिपोर्टच सांगणार.

खवाभट्टी
बिंदुसरा, तुमचं वाचून लिहिते. मी धाराशिव जिल्ह्यातली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची मोठी तपासणी आमच्याच जिल्ह्यात झाली होती. १९९९ ला सुरू झाली, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटाचे लोक मिळून, ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया. २००९ ला निकाल आला. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात, हे आमच्या बायांमुळं जगाला कळलं. मी त्या वेळी गावोगाव बाया गोळा करायला जायचे.

एक बाई कधीच आली नाही. तीनदा गेले तिच्या दारात. भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली. म्हणाली, "कळून काय करू माय? न कळता चाललंय ते चालू दे की." पुढं तिला तोच आजार झाला. मी कित्येक वर्षं मनातल्या मनात तिच्यावर रागावलेली होते, इतकं सोपं होतं आणि आली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मालकांना प्रोस्टेटचा निघाला. दर सहा महिन्यांनी पीएसए ही रक्ताची तपासणी करतात. रिपोर्टचं पाकीट मीच आणते. मागच्या वेळी दोन दिवस फोडलं नाही. देवळीत ठेवलं, येता-जाता बघायची. मी, जी दारोदार सांगत फिरली. तेव्हा ती बाई फार आठवली.

जात्यावरची
धागा फार जड झालाय, एक हसायचं सांगू का? माझ्या सासूबाईंची किमो चालू होती, केस गळाले. त्याच महिन्यात नातवाचं जावळ काढलं. दोघं ओसरीवर शेजारी बसलेले, दोघांचंही टक्कल. नातू सव्वा वर्षाचा, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा, मग स्वतःच्या, मग परत तिच्या. सासूबाई म्हणाल्या, बघू आता कुणाचे आधी येतात. नातवाचे आधी आले. पण त्यांचे आले ते कुरळे, साठ वर्षांत पहिल्यांदा! शेजारच्या बाया विचारायच्या, कुठल्या पार्लरला गेला होता.

दुधनाकाठ
जात्यावरची, माझेही थोडे कुरळेच आलेत. आज पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.

शबनम_नांदेड
माझं उलटं झालं. बाहेर निघताना डोक्यावर ओढणी आधीपासूनच असायची, त्यामुळं केस गेले ते कुणाला कळलंच नाही. कामावर, मोहल्ल्यात, कुणालाच नाही. लोक म्हणतात किती बरं झालं. मला नाही वाटलं बरं. कुणी विचारलंच नाही तर सांगायचं कसं? रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणाले. घरात सगळे सहेरीला उठायचे, मी पडून भांड्यांचा आवाज ऐकायची. आजारात जास्त रडले ती त्या पहाटेला.

अम्मी रोज मोसंबीचा रस द्यायची. तोंडाला सगळं लोखंडासारखं लागायचं, ते एकच थोडं गोड लागायचं. तुमच्या जालन्याचीच असणार.

दुधनाकाठ
शबनम ताई, जालन्याचीच. माझ्याकडं तर भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन यायचा. पिशव्या नुसत्या दाराला लटकलेल्या. चांगली माणसं, पण पाच मिनिटं बसून उठायची. बोलायला विषय म्हणजे कोण कुठं याच आजारानं गेलं. नाहीतर पपईच्या पानाचा रस, गव्हांकुर, कुठल्यातरी बाबाची पुडी. तुला काय वाटतं असं एकीनंच विचारलं, आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या मावशीनं. कोपऱ्यात बसून शेंगा फोडत म्हणाली, "भ्या वाटतं का गं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "वाटणारच की." आणि शेंगा फोडत राहिली. तासभर बसली.

तीनछप्पन्न
मी किल्लारी भागातला. कॅन्सर माझ्या बायकोला झालता, रक्ताचा, आता बरी आहे. तिचं आणि तुमचं दुखणं एकच वाटायलंय म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती बुडवून आलो, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर अंगावर आलं. मी १४ वर्षांचा होतो. त्यानंतर मातीचं छत दिसलं की छातीत धडधडायचं. पुनर्वसनात नवीन घरं मिळाली, पक्की, भूकंप सोसतील अशी बांधलेली. तरी आमचा बाप कित्येक महिने अंगणात पत्र्याखाली झोपायचा. इंजिनिअर सांगायचे घर मजबूत आहे. बाप म्हणायचा, आधीचंही मजबूतच होतं की.

बायको बरी झाली, रिपोर्ट चांगले आले, आणि ती रात्री उठून बसायला लागली, तेव्हा मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. तिचं घर म्हणजे तिचं अंग. त्यातून उठून अंगणात कुठं जाणार? मी नुसता उठून बसायचो सोबत. झोप असं मी तिला कधी म्हणालो नाही. आम्हाला पण कुणी म्हणून उपयोग झाला नव्हता. बाप आत झोपायला गेला तो तिसऱ्या वर्षी. कामून गेला ते त्यानं सांगितलं नाही. पाऊस होता त्या रात्री, एवढं आठवतं.

मांजरा
सगळं वाचून काढलं. लिहू का नको करत होतो.

मला मोठ्या आतड्याचा आहे, लिव्हरमध्ये गेलेला. चौथी स्टेज. दर १५ दिवसांनी किमो, त्यातला पंप गळ्यात अडकवून दोन दिवस घरी असतो. थंड पाण्याला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं. लातूरच्या उन्हाळ्यात माठासमोर बसून कोमट पाणी पितो. दुखणं रात्री वाढतं, मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. सुरुवातीला घरचे घाबरले होते, सवय लागेल म्हणून. डॉक्टरांनी समजावलं. आता झोप लागते.

खरं सांगतो, दुधनाकाठ ताई, तुमचा प्रश्न वाचून मला आधी राग आला. पाच वर्षांचं कोडं पडलंय ह्यांना! मला कुणी पाच वर्षं म्हणालं असतं तर मी गल्लीत साखर वाटली असती. मी तीन महिने धरून चालतो. स्कॅन ते स्कॅन. दोन दिवस धाग्याकडं फिरकलोच नाही.

मग राग गेला. कसा ते माहीत नाही. तुमचं ते चहा ठेवायला उठणं डोक्यातून जाईना. मी पण तेच करतो. बायको पोराच्या दहावीनंतरच्या क्लासचं बोलायला लागली की मला काहीतरी काम आठवतं. ती बोलायची थांबते. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून सांभाळून बोलतो आणि घरात आवाजच राहत नाही.

लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल भूतकाळात बोलतात. "ह्याचा हात हिशेबाला चांगला होता." अजून आहे की. सोसायटीचा हिशेब परवाच मी जुळवून दिला. साडेतीनशे रुपयांची चूक काढली.

गोदाकाठचा
मांजरा दादा, पोराच्या क्लासचं काय ठरलं? मी लातूरलाच शिकवतो, अकरावीचं गणित.

मांजरा
काही ठरलं नाही. तुम्हाला निरोप पाठवतो. आज बायकोसमोर बसून बोलतो.

बिंदुसरा
दादा, बोलून झालं की इथं लिहा. वाट बघते.

उंबरठा_लातूर
पाटी_पेन्सिल, तुमचं त्या दिवशीचं मनातून गेलं नाही. आईला काल विचारलं, आजीला खरंच माहीत नव्हतं का. आई म्हणाली, शेवटच्या दिवाळीला आजीनं सगळ्या सुनांना एकेक भांडं वाटून दिलं होतं, नावं टाकून. मला ते माहीतच नव्हतं.

दुधनाकाठ
वीस दिवसांनी लिहितेय, माफ करा. मधे तपासणीची तारीख होती. संभाजीनगरला जाऊन आले. मॅमोग्राफी ठीक आहे, रक्त ठीक. पाठीचं हाडाचं नाही, बसण्याचं आहे म्हणाले. परत येताना बसमध्ये हलकं वाटलं, बदनापूर ओलांडलं तोवर पुढच्या तारखेचं सुरू झालं डोक्यात. आता कळलंय की ते असंच चालणार.

मांजरा दादा, तुम्हाला राग आला ते लिहिलंत, त्याचे आभार मानते. मला कितीतरी दिवसांत कुणी खरं बोललंच नव्हतं. तुमच्यापुढं माझी पाच वर्षं मला फार मोठी वाटली, आणि लाजही वाटली. पण लाजून ती भीती जात नाही, हेही खरं सांगते.

त्या रात्री ह्यांना सांगितलं, मला काय वाटतं ते. पहिल्यांदाच. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला वाटलं बागेचं बोललो तर तुझ्या मनात दुसरं काही येणार नाही. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं." एवढं बोलून रडायलाच लागले. २४ वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

एक एकर नाही, अर्धा एकर लावतोय. ५५ झाडं. बाकीच्या अर्ध्यात दर वर्षी जे हाती येईल ते. खड्डे घेऊन झालेत. दोरी मी धरली होती, डाव्या हातानं नाही, त्या हाताला जोर द्यायचा नाही म्हणतात. संध्याकाळी बघायला जाते. नुसते खड्डेच दिसतात अजून.

तुरीचं_रान
दोन-तीन पाऊस पडल्याशिवाय रोपं आणू नका. आणायची असतील त्या दिवशी सांगा, माझा टेम्पो तिकडून रिकामाच येतो.

पाटी_पेन्सिल
ताई, दोरी धरलीत ना. मुलीची ती पाटी मी अजून जपून ठेवलीय, आज काढून पुसून ठेवली.

मांजरा
बायकोशी बोललो. रात्री दोन वाजेपर्यंत. क्लासचं ठरलं, बाकीचंही बरंच ठरलं, ते इथं लिहीत नाही.

स्कॅन जुलैमध्ये आहे. ताई, तुरीचं_रान यांनी म्हटलंय तसं झाडांच्या मधल्या पट्ट्यात मूग घालणार का? साठ-पासष्ट दिवसांत येतो. घालणार असाल तर एक ओळ माझ्या नावानं धरा. शेंगा तोडणीला आल्या की सांगा, जमलं तर येतो.

दुधनाकाठ
घालणार आहे दादा. बी घरचंच आहे, आज निवडायला घेते. बांधाकडची पहिली ओळ तुमची, तिथं लिंबाची सावली आहे, बसता येईल.